कंदाची वाटणी

कमळाची किती नावे आहेत, हे आम्हां दोघांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पद्म, नलिन, अरविंद, राजीव, तामरस, पुष्कर, सरसीरुह, कुशेशय. अमरकोशाच्या वारिवर्गातली ही मालिका आम्ही स्वतः पाठ केली आणि पुढे बत्तीस वर्षे मराठीच्या वर्गांवर विद्यार्थ्यांच्या गळी उतरवली. कधी समानार्थी शब्द म्हणून, कधी कविसंकेत म्हणून, तर कधी उपमा आणि रूपक यांतला भेद समजावून सांगण्यासाठी. त्याच वर्गात फुलाच्या नावांबरोबर कंदाची, तंतूंची, केसरांची, कोवळ्या पानाची आणि बीजकोशाचीही नावे येतात: करहाट, शालूक, बिस, मृणाल, किंजल्क, संवर्तिका, वराटक. ती मात्र आम्ही कधी शिकवली नाहीत. ती परीक्षेत येत नसत, हे एक कारण. आमच्यापैकी कोणीही कमळाचा कंद डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, हे दुसरे आणि अधिक खरे कारण. पुढे तो पाहिला, तेव्हा तो आमच्याच हातांत मोडलेला होता.

येथे 'आम्ही' म्हणजे नवरा-बायको. हे अनेकवचन आदरार्थी नाही आणि संपादकीयही नाही. जी चूक सांगायची आहे ती नेमकी कोणाच्या हातून घडली, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. तेव्हा अनेकवचनच सोयीचे.

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सिमेंटचे एक गोल टाके आहे. रुंदी अडीच फूट, खोली दीड फुटाला थोडी कमी. २००९ साली आई गाव सोडून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या (आमच्यापैकी एक त्यांना 'अगं' म्हणे आणि दुसरी 'अहो', लेखात 'अहो' ठेवतो), तेव्हा त्यांच्या सामानात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते. रात्रभराच्या एस.टी.च्या प्रवासात त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी, चहासुद्धा न घेता, त्या ते गाठोडे घेऊन गच्चीवर गेल्या. आईंचे माहेर गोव्यातल्या पेडण्याचे आणि सासर सावंतवाडीपासून काही कोसांवरच्या एका गावाचे. गावच्या देवळामागे तळे होते आणि तळ्यात कमळे. आई त्यांना कमळ म्हणत नसत, 'साळक' म्हणत. कोकणीतला हा शब्द आम्ही बोलीतला एक गोडवा म्हणून कौतुकाने ऐकला आणि सोडून दिला.

त्यांची आम्हांला एकच ताकीद होती: टाक्याला हात लावू नका. आम्ही ती पाळली. खरे सांगायचे तर पाळायला फारसे कष्ट पडले नाहीत. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्याला आई पदर खोचून दोन दिवस गच्चीवर काहीतरी करत असत. खाली आल्या की कोपरापर्यंत काळ्या झालेल्या असत आणि जिन्यात सडक्या अंड्यासारखा वास दरवळे. आमचे ते दिवस तोंडी परीक्षांचे आणि उत्तरपत्रिकांचे. त्या वर काय करतात, हे पाहायला आम्ही एकदाही गेलो नाही. जूनमध्ये फुले येत. ती पाहायला मात्र जात असू, पाहुण्यांनाही नेत असू आणि पाहुण्यांपुढे एखादा श्लोकही म्हणत असू.

आई २०१५ साली गेल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत टाक्याने फुले दिली. तिसऱ्या वर्षी नुसती पाने आली, तीही लहान आणि दाटीवाटीची. २०१८ साली एकही कळी दिसली नाही आणि टाक्याच्या कडेला एक बारीक तडा गेला. 'हात लावू नका' हे वाक्य आता आमच्या लेखी मृत्युपत्रासारखे झाले होते. विधिवाक्याचा अर्थ संदर्भ सोडून लावू नये, हे इतरांना शिकवणारी माणसे आम्ही. पण हात न लावण्यात एक प्रकारची भक्ती आहे, असे आम्ही स्वतःला सांगत राहिलो.

टाक्यात त्या वेळी काय चालले होते, ते आज सांगता येते. कमळ जागच्या जागी वाढत नाही, ते चालते. उन्हाळा तापू लागला की कंदाच्या टोकातून करंगळीएवढे जाड पांढरे धावते खोड चिखलात आडवे निघते. त्यावर ठरावीक अंतराने गाठी येतात. पान वर येते ते गाठीतून, मुळे खाली जातात ती गाठीतून, आणि फूल आले तर तेही तिथूनच. पावसाळा सरला की शेवटची दोन-चार पेरे पिष्टाने फुगतात. तोच कंद, बाजारात ज्याला कमळकाकडी म्हणतात, काश्मीरमध्ये नद्रू म्हणतात, तो. थंडीत पाने वाळतात आणि कंद चिखलात निजून राहतो. पुढच्या वर्षी वाढ सुरू होते ती टोकाकडून, मागचे जुने खोड कुजून जाते. तळ्यात कमळ कोणी वाटून देत नाही. पुढे जागा असते; ते पुढे सरकते आणि मागचे सोडून देते. टाक्यात पुढे काही नसते. खोड भिंतीला लागते, वळते, पुन्हा भिंतीला लागते, आणि चार वर्षांत कंदावर कंद, वेटोळ्यावर वेटोळे असे होऊन बसते. मातीतला कस संपतो, फूल थांबते. तळे जे काम मोकळ्या जागेने करते, ते टाक्यात दर वर्षी कोणाला तरी हाताने करावे लागते. आई फेब्रुवारीत नेमके तेच करत होत्या.

या दरम्यान घराचीही वाटणी झाली. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली तर आम्ही स्वतःची बाजू मांडू लागू. गावचे घर विकावे, असा आग्रह आमचा होता. कोल्हापूरला राहणारे धाकटे बंधू विकू नये म्हणत होते. २०१६ साली घर विकले गेले. त्यांनी कागदांवर सही केली, हिश्श्याचे पैसे घेतले, आणि त्यानंतर दिवाळीचा फोन मुलांकरवी होऊ लागला. २०१७ च्या उन्हाळ्यात देवळामागच्या तळ्यातला गाळ यंत्राने उपसला गेला. काम चांगलेच झाले. तळ्यात पाणी आता मेपर्यंत टिकते. गाळ शेतांत गेला आणि गाळाबरोबर कंद गेले. गावात त्या कमळांतले एकही उरले नाही.

२०१९ साली मृग कोरडे गेले. जूनच्या अखेरीस पहिला चांगला पाऊस झाला, आणि पाऊस पडला की लावणी करायची, हे आपल्याकडच्या कोणाही माणसाच्या अंगात असते तसे आमच्याही अंगात होते. आम्ही नुकतेच निवृत्त झालो होतो. आईंचे टाके आता आपण नीट करायचे, असे ठरवून गच्चीवर गेलो. कामात अडथळा नको म्हणून आधी सगळी पाने देठांसकट, पाण्याखाली हात घालून, अगदी चिखलालगत कापली. टाक्यातले गप्पी मासे बादलीत काढले. मग दोघांनी मिळून चिखलात हात घातले आणि जे हाताला लागले ते ओढले. ते पांढरे, ठिसूळ आणि ओले होते; ओढले की कट्कन मोडत होते. निघालेल्या ढिगातून जाडजूड भाग निवडले, नळाच्या धारेखाली स्वच्छ धुतले आणि त्यांचे सारख्या लांबीचे पाच तुकडे केले. समान वाटणीचा आमचा अनुभव ताजा होता. रोपवाटिकेतून आणलेले कोकोपीट आणि खत पाच नव्या कुंड्यांत भरले, तुकडे खोल पुरले आणि वर पाणी सोडले. कोकोपीट तरंगून वर आले, पाणी चहाच्या रंगाचे झाले. तीन आठवड्यांनी बोटाने चाचपून पाहिले, तर पाचही तुकडे साबणाच्या लगद्यासारखे झाले होते. टाक्यात उरलेल्या चिखलातूनही काही उगवले नाही.

त्याच दिवशी आम्ही लिलीचीही वाटणी केली होती आणि ती मात्र उत्तम साधली होती. गच्चीवर दुसऱ्या घमेल्यात पांढरी लिली होती. आपल्याकडे बहुतेक लोक तिलाही कमळच म्हणतात. तिचे पान पाण्यावर टेकलेले असते आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाचे पान अखंड गोल, देठ मधोमध, आणि मोठे झाले की पाण्याच्या वर उभे राहते. लिलीचा गड्डा उपटला, कोंब असलेला चार बोटांचा भाग सुरीने कापला, जुना सडका भाग फेकला, नव्या मातीत दाबला, संपले. तिने काही मनाला लावून घेतले नाही, पंधरा दिवसांत नवी पाने काढली. एकीला जमले ते दुसऱ्याला का जमले नाही, हे आम्हांला कळेना. लिनीअसनेही १७५३ साली दोन्हींना एकाच प्रजातीत घातले होते, एवढाच काय तो दिलासा. गेल्या शतकाच्या अखेरीस रेणूंच्या अभ्यासातून दिसले की या दोन वनस्पतींत जवळचे नाते नाही. लिली सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या फांदीवरची आहे, आणि कमळाच्या हयात नातलगांत चिनार निघाला. दाल सरोवराच्या काठावरचा चिनार आणि पाण्यातले कमळ हे एका गणातले, आणि शेजारी तरंगणारी लिली परकी! जुन्या कवींनी मात्र कुमुदाला कमळापासून सदैव वेगळे ठेवले: कमळ सूर्याचे, कुमुद चंद्राचे. आम्ही त्याला 'संकेत' म्हणत आलो. आमची पांढरी लिली संध्याकाळनंतर उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते. चंद्र असो वा नसो, ती उमलतेच. पण कवींनी निदान पाहिले होते.

ऑक्टोबरपर्यंत आम्ही कोणाला काही सांगितले नाही. मग एका संध्याकाळी आठवले की आईंनी धाकट्यांनाही एकदा कंद दिला होता. २०११ साली ते येऊन गेले तेव्हा असावे. आम्हांला सांगितले असेल. आम्ही ऐकले नसेल. फोन करावा की नाही, यावर दोन दिवस गेले. शेवटी केला. टाक्याचे काय झाले ते सांगितले आणि एक तुकडा मागितला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "दादा, आत्ता नाही देणार." आणि थोड्या वेळाने, "फेब्रुवारीत बघू." फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा नकारच, आणि तो आमच्या वाट्याला यायला हवा होता, यावर आमचे एकमत झाले. बत्तीस वर्षे व्याकरण शिकवले, पण त्या वाक्यातले 'नाही' तेवढे ऐकले. 'आत्ता' हे कालवाचक क्रियाविशेषण निसटून गेले.

फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: कंद तयार आहेत, वहिनींनाही घेऊन या.

कोल्हापूरच्या त्यांच्या गच्चीवर नऊ घमेली होती, सगळी गोल. चौकोनी भांड्यात धावते टोक कोपऱ्यात अडकते आणि मोडते, म्हणून गोल. घमेल्यांखाली जांभ्याचे चिरे होते. ते आम्ही ओळखले. गावच्या घराच्या गडग्याचे होते ते. विक्रीच्या आधी कधीतरी आणलेले. आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्यांनी केलेली गोष्ट अशी. दोन दिवस आधी पाणी काढून टाकलेले होते. घमेले तिघांनी मिळून प्लास्टिकच्या कापडावर उपडे केले, तेव्हा सगळा चिखल साच्यातून वडी निघावी तसा एकसंध बाहेर आला, आणि त्याच्या कडेने पांढऱ्या खोडाचे वेटोळे स्पष्ट दिसत होते. कुठेही ओढायचे नाही. तांब्याने पाणी घालत बाहेरून माती सोडवत जायची आणि आधी टोक शोधायचे. ते हस्तिदंताच्या सुळ्यासारखे असते, किंचित वर वळलेले, गुलाबी झाक असलेले. त्यात पुढच्या वर्षीचे पहिले पान घडी घालून बसलेले असते. टोक सापडले की तिथून मागे यायचे, आणि मागे जाताना हात नेहमी जाड पेराखाली असावा. टोकाच्या मागे निदान दोन धडधाकट पेरे ठेवायची. कापायचे ते गाठीच्या पलीकडे. गाठ तुकड्याकडे राहिली पाहिजे. कारण पेराच्या आत पोकळ्या असतात आणि गाठ ही त्यांची दारे. मधोमध कापले तर चिखलाचे पाणी थेट आत शिरते. आमच्या पाच समान तुकड्यांत एकालाही टोक नव्हते आणि एकाचीही दारे बंद नव्हती.

हे सांगताना त्यांनी एक जुने, निकामी पेर हातांनी मोडून दाखवले. दोन्ही अर्ध्या भागांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य तंतू ताणले गेले. हात वीतभर लांब नेले तरी ते तुटेनात. मृणालतंतू. नायिकेच्या कृशतेपासून ब्रह्माच्या सूक्ष्मतेपर्यंत हा शब्द आम्ही कुठे कुठे समजावून सांगितला होता, आणि तो पहिल्यांदाच पाहत होतो. कंदातल्या पाणी वाहणाऱ्या नलिकांवर आतून स्प्रिंगसारखे सर्पिल वेढे असतात, ते उलगडतात म्हणून तंतू लांबतो. चिनी भाषेत यावरून एक वाक्प्रचार रूढ आहे: कंद मोडला तरी धागे जुळलेले. संबंध तुटले असे म्हणणाऱ्या माणसांबद्दल तो वापरतात. आम्हांला तो ठाऊक होता, पण त्या गच्चीवर सांगावासा वाटला नाही. वर्गात सांगितला असता.

कोयती आमच्या हातात देऊन त्यांनी दुसरे घमेले आमच्याकडून करवून घेतले. एक टोक आम्ही तरीही मोडले. ते काही बोलले नाहीत, तो तुकडा स्वयंपाकघरात धाडला. मग, माती धूत असताना, खाली बघूनच म्हणाले, "तुमचे इतकी वर्षे तसेच कसे राहिले?" आम्ही सांगितले की हात लावू नका असे आईंनी बजावले होते. ते थांबले. "मला म्हणाली होती, दर वर्षी हात लाव. नाहीतर मरेल."

एकाच वक्त्याची एकाच विषयावरची दोन विधाने, परस्परांच्या अगदी उलट. पाठभेद म्हणावा, तर दोन्ही पाठ अस्सल. साक्षीदार समोरासमोर बसलेले. ती संध्याकाळ आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही या दोन वाक्यांचा विचार केला. आईंना आमच्या हातांवर भरवसा नव्हता, हा सरळ अर्थ. आम्ही तो बराच काळ टाळला. मग, त्या आहेत तोवर आमच्याकडे हात लावायला त्या स्वतः होत्या, हा दुसरा अर्थ काढला. तो आम्हांला सोयीचा होता आणि खोटाही नसावा. धाकटे बंधू त्यांच्याजवळ बसून ते काम पाहत होते. आम्ही खाली उत्तरपत्रिका तपासत होतो. वाक्ये वेगळी असणारच.

ओल्या वर्तमानपत्रात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन कंद घेऊन आम्ही परतलो. मांडीवरच होते, हे सांगायला नको. टाक्याचा तडा बुजवून घेतला. शेतातली काळी माती आणली, खडे काढले, तळाशी चांगले कुजलेले शेणखत हातभर नव्हे, चार बोटे घातले आणि वर नुसती माती. कंद आडवा ठेवला, टोक मध्याकडे आणि शेपूट भिंतीला. टोक तेवढे उघडे, बाकीच्यावर दोन बोटे माती. कंद हलका असतो, तरंगून वर येतो. म्हणून त्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला चपटा दगड. पाणी फक्त चार बोटे, म्हणजे उन्हाने लवकर कोमट होते. दहाव्या दिवशी रुपयाच्या नाण्याएवढी दोन पाने वर येऊन टेकली. मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली आणि आम्हांला दिवसभर टाक्यापाशी बसण्यावाचून काम उरले नाही.

एप्रिलमध्ये पाने पाण्याबाहेर उभी राहिली. एका वावटळीत त्यांतले एक देठाशी मोडले आणि मोडके टोक पाण्यात बुडाले. भर दुपारी पाहतो तो त्या बुडालेल्या टोकातून बुडबुडे येत होते. एकामागून एक, न थांबता, कोणी खाली बसून श्वास सोडत असावे तसे. मग वाचले. उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानाच्या आत हवेचा दाब वाढतो. ती हवा देठाच्या पोकळ नळ्यांतून चिखलात, कंदापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या नळ्यांनी परत येऊन पानाच्या मधोमध असलेल्या फिकट ठिपक्यातून बाहेर पडते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तो सडक्या अंड्याचा वास त्याचाच. पान वर श्वास घेते म्हणून कंद खाली जगतो. आम्ही जूनमध्ये सगळी पाने पाण्याखाली कापली, तेव्हा आम्ही कंदाचा श्वास तोडला आणि त्याच नळ्यांतून आत पाणी सोडले.

येथे आम्हांला आमच्या शिकवण्याबद्दल एक कबुली दिली पाहिजे. गीतेच्या पाचव्या अध्यायातला कमळाच्या पानाचा दृष्टान्त, पाण्यात राहून पाण्याने न भिजणारे पान, आम्ही अलिप्ततेचे उदाहरण म्हणून शिकवला. दृष्टान्त चोख आहे; पानावर पाणी ठरत नाही हे खरेच. पण त्याला आम्ही आपल्या पदरचे शेपूट जोडत असू: चिखलात राहूनही चिखलाशी संबंध न ठेवणारे कमळ. हे कोणत्याही कवीने म्हटले असले तरी टाक्यात तसे दिसत नाही. ते सुकुमार, निष्कलंक पान दिवसभर चिखलासाठी हवा भरत असते. त्याचा चिखलाशी संबंध तोडून आम्ही पाहिले आहे. तीन आठवडे लागतात.

पहिले फूल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आले. पहाटे अर्धे उमलले, दुपारी मिटले; दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडले, संध्याकाळकडे पुन्हा मिटू लागले; चौथ्या दिवशी पाकळ्या पाण्यावर पडल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की कमळाचे फूल स्वतःची उष्णता निर्माण करते आणि बाहेर हवा दहा अंशांपर्यंत उतरली तरी आत तीस अंशांच्या वर राहते. आम्ही मिटत्या फुलात बोट घालून पाहिले. काही कळले नाही. पुण्यात जूनमध्ये हवाच तेवढी उबदार असते. पण रात्री मिटलेल्या फुलात कीटक मुक्कामाला राहतात, ते या उबेसाठी, हे समजल्यावर ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय पुन्हा काढला. कोरडे लाकूड लीलया पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो, असा तिथे दृष्टान्त आहे. तो येतो अर्जुनाच्या स्नेहाविषयी बोलताना. समोर उभ्या असलेल्या भावंडांना पाहून ज्याच्या हातून धनुष्य सुटत आहे, त्या अर्जुनाविषयी. ते प्रकरणही वाटणीचेच, हे आम्हांला बत्तीस वर्षांत कधी सुचले नव्हते.

फुलाचे छायाचित्र कोल्हापूरला पाठवले. उत्तर आले: पाणी कमी आहे, वाढवा.

अभ्यासकांना एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. बियांपासून आलेले कमळ हे नवे झाड असते, आईबापांहून वेगळे. कंदाचा तुकडा तसा नसतो. तो अपत्य नव्हे. तीच वनस्पती, तोच जीव, दुसऱ्या भांड्यात. देवळामागच्या तळ्यात होते, आईंच्या मांडीवर होते आणि आम्ही सडवले, ते आणि आज टाक्यात आहे ते, यांत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भेद करता येत नाही. ते वाचले ते दोन ठिकाणी होते म्हणून. आणि 'साळक'. कोश चाळताना एक दिवस 'शालूक' समोर आला, कुमुदादिकांचा कंद या अर्थाचा. आम्ही कधीच न शिकवलेल्या शब्दांपैकी. कोकणीतला साळक त्यातूनच आला असावा, असे आम्हांला वाटते. तसे असेल, तर त्या बोलीने कंदाचेच नाव फुलाला दिले. भाषाशास्त्रातल्या जाणकारांनी आमचा कान धरावा.

आता दर फेब्रुवारीत टाके उपडे होते. यंदा धाकटे बंधू आले होते. घराचा विषय निघाला नाही. तो निघेल असे आता वाटतही नाही. कंद सात निघाले, त्यांत टोकासकट धड असे पाच. टाक्याला दोन पुरेत. उरलेल्या तिनांपैकी एक शेजारच्या इमारतीतल्या मुलीला द्यायचा होता, एक आमच्या जुन्या विद्यार्थ्याला. तिसरा कोणाचा, यावर थोडी वादावादी झाली, कारण दोघांनाही तो गावच्या तळ्यात परत टाकावा असे वाटत होते आणि नेऊन कोणी टाकायचा हे ठरत नव्हते. मासे बादलीत होते, पाणी अजून गढूळ होते. तोपर्यंत त्याला ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, टोक वर करून, भिंतीच्या सावलीत ठेवले.